गंजी कोणी पेटवली, ते आधी सांगा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्याच जिल्ह्यातल्या एका गावची बातमी होती. धुऱ्यावरून, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावरून, दोन भाऊबंदांत मारामारी झाली होती, ती तंटामुक्ती समितीने सामोपचाराने मिटवली, असा मथळा आणि खाली फोटो. फोटोत मधोमध समितीचे अध्यक्ष, एका बाजूला सरपंच, दुसऱ्या बाजूला पोलीस पाटील. ज्याचा हात मोडला तो अगदी कडेला, गळ्यात अडकवलेल्या प्लास्टरसकट, आणि त्याच्या धड हातात नारळ. बातमीत समितीच्या सगळ्या सदस्यांची नावे आहेत. मारणाऱ्याने काय कबूल केले, दवाखान्याचा खर्च कोणी दिला, धुरा शेवटी कुठे ठरला, यातले एक अक्षर नाही. न छापलेल्या त्या भागाबद्दल हे पत्र आहे. लांबेल. कापायची वेळ आली तर माझे रडगाणे कापा, हिशेब राहू द्या.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावची. गावाचे नाव लिहीत नाही; ओळखणारे ओळखतील, बाकीच्यांना त्याचे काय काम. आयुष्यभर अंगणवाडीत सेविका होते, म्हणून अख्खे गाव मला बाई म्हणते. पासष्ट पूर्ण झाली तसे मानधन थांबले, वावर काही थांबले नाही. पाच एकर आहे. नवरा गेल्यापासून मीच पाहते. मुलगा पुण्याला असतो आणि दर दिवाळीला "ठोक्यानं देऊन टाक", म्हणजे वावर दुसऱ्याला कसायला दे, म्हणतो. मी ऐकून घेते.

२०२१ साल आठवा. ऑगस्टात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. माल निघेपर्यंत भाव निम्म्यावर आला ही गोष्ट वेगळी. अडीच एकरांची सोंगणी करून मी गंजी लावली होती, वर ताडपत्री, कडेने दगड. मजुरांचे पैसे देऊन झाले होते. सगळ्यांचीच घाई असल्यामुळे हडंब्याचा, म्हणजे मळणी यंत्राचा, नंबर लागायला वेळ होता. दसरा चार-पाच दिवसांवर आलेला. मध्यरात्री शेजारच्याने दार वाजवले, "बाई, तुमच्या वावरात जाळ दिसून राह्यला."

सोयाबीनची गंजी एकदम भडकून संपत नाही. ताडपत्री वितळून थेंब थेंब आत गळते, आग पोटात शिरते आणि मग धुमसत राहते. आम्ही गेलो तेव्हा वरून नुसता धूर होता आणि आतून चर्रचर्र आवाज. विहिरीवर मोटर आहे, पण शेतीची लाइन त्या आठवड्यात दिवसाची होती, रात्री वीज नव्हती. बादल्यांनी किती विझणार! गावातली दहा-बारा पोरे आली, ओल्या पोत्यांनी झोडपत राहिली, त्यांचे उपकार मी विसरलेली नाही. उजाडल्यावर काठीने उकरून पाहिले. वरचे काळे, खाली राख, आणि अगदी आतले दाणे फुटाण्यासारखे भाजून तडकलेले. सगळ्या शिवारात तळणीच्या तेलाचा वास. एकरी सहा क्विंटल धरले तर पंधरा क्विंटल माल होता.

आता संशय कोणावर आणि का, ते सांगते. माझ्या वावराला लागून चुलत दिराचे वावर आहे. मधला धुरा त्यांचा ट्रॅक्टर दरवर्षी थोडा थोडा खायचा. एका पेरणीला दोन काकरं (पेरणीच्या ओळी) इकडे, पुढच्या पेरणीला आणखी एक. बोलून थकले तेव्हा पैसे भरून सरकारी मोजणी आणली. मोजणीवाल्यांनी खुणा टाकल्या तर धुरा चांगला अडीच हात त्यांच्याकडे सरकला. त्या दिवशी दिराचा धाकटा पोरगा सगळ्यांसमोर बोलला होता, "काकू, हे जमीन तुमाले पचणार नाही." हा पोरगा माझ्याच अंगणवाडीत वाढलेला. वजन कमी भरायचे म्हणून मी त्याला सुकडीची जास्तीची वाटी द्यायची. (पोषण आहाराने बुद्धी सुधारते असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवत. असो.)

मी रिपोर्ट द्यायला निघाले तर अंगणात आमच्या गावची तंटामुक्ती समिती हजर. अध्यक्ष म्हणाले, "बाई, पोलिसात नाव नका देऊ. विजेच्या तारेची ठिणगी पडली असं लिहून द्या. आपण तलाठ्याले पंचनामा करायले लावू, काही ना काही मदत भेटून जाईल." माझ्या गंजीवरून तार जात नाही. सगळ्यात जवळचा खांब दोन वावरं सोडून आहे. तसे मी म्हटले, तर एक सदस्य म्हणाले, "वारा होता ना, बाई."

मी खोटे लिहून दिले नाही. ठाण्यात रिपोर्ट दिला, संशय कोणावर तेही सांगितले.

इथे थोडे कायद्याचे बोलते, कारण आमच्या समितीला ते माहीत नव्हते आणि मलाही नंतरच कळले. तेव्हा भारतीय दंड संहिता होती. तिचे कलम ४३५ आग लावून नुकसान करण्याबद्दलचे. इतर मालमत्तेचे नुकसान निदान शंभर रुपयांचे असावे लागे. शेतमाल असेल तर दहा रुपयांचे पुरे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, त्यात हाच गुन्हा कलम ३२६ मध्ये आहे. आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत तो तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. म्हणजे दोघांनी कोर्टात उभे राहून "आमचे जुळले" म्हटले तरी तेवढ्याने खटला संपत नाही. इंग्रजांच्या काळात कायदा लिहिणाऱ्याला शेतकऱ्याच्या दहा रुपयांच्या मालाची किंमत कळत होती. आमच्या पारावर पंधरा क्विंटलची कळत नव्हती. पीक विम्याचे विचाराल, तर कोणी दुष्टाव्याने केलेले नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत बसतच नाही. म्हणजे तिकडूनही हात कोरडेच.

मग दसरा आला. आमच्याकडे संध्याकाळी घरोघरी सोने द्यायला जातात. वर्षभर न बोलणारेही त्या दिवशी आपट्याचे पान हातावर ठेवून पाया पडतात, आणि हा रिवाज चांगलाच आहे, त्याला मी नावे ठेवत नाही. त्या दसऱ्याला समितीने त्या पोराला पुढे घालून माझ्या दारात आणले. मागे वीसेक माणसे. पोराने पान पुढे केले. अध्यक्ष म्हणाले, "घ्या बाई, झालं गेलं गंगेले मिळालं."

मी विचारले, "काय झालं होतं, ते तर सांगा."

सगळे चूप. पोरगा म्हणाला, "म्या काहीच केलं नाही. अध्यक्ष म्हणे चाल, म्हणून आलो."

आता सांगा, संपादक महोदय. त्याने काही केलेच नव्हते तर मी माफ काय करायचे होते? आणि केले होते तर ते पान कशाचे होते? मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातचे सोने मी घेतले, त्याच्या हातचे घेतले नाही. तरी कोणीतरी मोबाइलवर फोटो काढलाच, आणि रात्री गावच्या ग्रुपवर "वाद मिटला" म्हणून तो फिरला. फोटोत माझा हात पुढे आलेला दिसतो. तो अध्यक्षांच्या पानासाठी होता.

तिथून पुढे गावात मीच वाईट झाले. जळाले ते तर परत येत नाही. पोराचे लगन व्हायचे आहे. बाईमाणसाने एवढे ताणू नये. देव पाहून घेईल. हे सगळे मला सांगायला माणसे येत, चहा पिऊन जात. त्या पोराच्या घरी जाऊन "बापू, खरं काय ते बोल" असे सांगायला कोणी गेल्याचे मी ऐकले नाही. क्षमा करणाऱ्याचा मोठेपणा मला सगळे दोन्ही हातांनी देत होते. एखादे पोते सोयाबीन कोणी देऊ केले नाही. फार झाले तेव्हा पंचवीस हजार रुपयांची गोष्ट निघाली, तीही "दोघांकडून मिळून गावाच्या नावाने" अशी काहीतरी, ज्यात कोणी काय केले हे सांगायची गरज पडणार नव्हती. मी नाही म्हटले. अध्यक्षांनी शेवटी गांधीजी आणि विनोबा काढले. तंटामुक्ती मोहिमेला नावच महात्मा गांधींचे आहे, बाई, म्हणाले.

विनोबांचे नाव घेतले ते बरे झाले. त्यांच्या आश्रमाचे पवनार आमच्यापासून काही सातासमुद्रापार नाही. माझे सासरे भूदानाच्या पदयात्रेत काही गावे चालले होते, आमच्या घरात विनोबांच्या गोष्टी जेवताना निघत. १९६० च्या मे महिन्यात विनोबा चंबळच्या खोऱ्यात गेले आणि वीस डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. गोष्ट सांगणारे इथे थांबतात आणि डोळे पुसतात. सासरे पुढचेही सांगायचे. विनोबांनी त्यांना शिक्षा माफ करून देण्याचे वचन दिलेले नव्हते. ती माणसे तुरुंगात गेली, त्यांच्यावर खटले चालले, शिक्षाही झाल्या. "म्या काहीच केलं नाही, विनोबा म्हणे चाल म्हणून आलो," असे त्यातला एकही म्हणाल्याचे सासऱ्यांनी कधी सांगितले नाही. हे मी अध्यक्षांना ऐकवले. तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे चहाला येणे बंद केले.

समितीबद्दल एकतर्फी बोलायचे नाही. मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली तेव्हा मी गावातच होते. आमच्याकडचे नाल्याच्या पाण्याचे, ढोरे वावरात शिरल्याचे, बापाच्या वाटणीचे किती तरी वाद पारावर बसून मिटले. यवतमाळच्या कोर्टात खेटे घालून वावर विकायची वेळ आलेली घरे मी पाहिली आहेत, ती वेळ काहींची टळली. घरून विरोध असलेल्या दोन-तीन जोडप्यांची लग्नेही समितीने लावून दिली, त्यातली एक मुलगी माझ्या अंगणवाडीतली. पण लोकसंख्येप्रमाणे गावाला एक लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस होते, आणि बक्षिसासाठी आकडे लागत. दाखल किती, मिटले किती. पत्रकारांनाही या मोहिमेच्या प्रसिद्धीसाठी पुरस्कार होते, हे आपल्याला मी सांगायला नको. पुढे बक्षिसांचा जोर ओसरला, सवय मात्र राहिली. वाद लवकर मिटला की समितीचे नाव, आणि लवकर मिटवायचा तर जो कमी ओरडतो त्यालाच गप्प करणे सोपे. अध्यक्षपदासाठी ग्रामसभेत जे रणकंदन होते, ते कोणत्या समितीने मिटवायचे ते मात्र शासनाने कुठे लिहून ठेवलेले नाही.

पुढल्या वर्षी पोलिसांकडून कळले की अ समरी पाठवली. म्हणजे गुन्हा घडला हे खरे, पण कोणी केला ते सापडले नाही. माझ्यासाठी तेवढेही काही कमी नव्हते. विजेच्या ठिणगीवर सही केली असती तर गुन्हा घडला, हेही कागदावर राहिले नसते.

दिराचा पोरगा बोलला तो २०२३ च्या उन्हाळ्यात. पश्चात्तापाने बोलला असे मी म्हणणार नाही. सोयरीक अडली म्हणून बोलला. दिग्रसकडचे पाहुणे आले, मुलगी पसंत, मुलगा पसंत, आणि मग त्यांनी रिवाजाप्रमाणे गावात चौकशी केली. चौकशीत कोणीतरी म्हणाले, पोरगा कामाचा आहे, पण काकूची गंजी पेटवली म्हणतात. पाहुणे उठून गेले. आधीही एक जागा अशीच गेली होती. जे गाव मला 'सोडून द्या' म्हणत होते, त्याच गावाने पाहुण्यांच्या कानात मात्र सोडून दिले नव्हते. गावाने मनात कोणाला ठरवले होते ते तेव्हा मला कळले. फक्त तोंडाने म्हणायचे नव्हते.

जाऊ त्याला घेऊन आली. भर दुपारी, मी हरभऱ्याची डाळ पाखडत बसले होते. तिने पदर पसरला. तिला मी म्हटले, तू कशाला, तू काय पेटवलीस? त्याला विचारले, बोल. तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "काकू, गंजी म्याच पेटवली होती." नंतर बराच वेळ रडला. खरे सांगते, मला त्या रडण्याने फार काही झाले नाही. त्याचे मन धुवून निघाले की नाही हे त्याचे तो जाणे. मला माझे सोयाबीन हवे होते, आणि गावाने मला जे खोटे ठरवले होते ते पुसून हवे होते.

मी तसे सांगितले. ज्या लोकांसमोर तू 'म्या काहीच केलं नाही' म्हणालास, त्यांच्यासमोरच सांगायचे. माल भरून द्यायचा. आणि मोजणीच्या खुणांना हात लावायचा नाही.

शनिवारी मारुतीच्या पारावर सामुदायिक प्रार्थना असते. प्रार्थना संपल्यावर माणसे बसलेलीच होती. तो उभा राहिला. म्हणाला, "काकूबद्दल माझ्यापासून चूक झाली, त्याची माफी मागतो." लोक लगेच हात जोडून उठायला लागले. मी बसूनच विचारले, "काय चूक झाली?" मागून आवाज आला, "झालं ना बाई आता, कायले उकरता?" मी पुन्हा विचारले. त्याचा घसा कोरडा पडला होता. शेवटी म्हणाला, "गंजी पेटवली. मोटरसायकलीतलं पेट्रोल काढून नेलं होतं. मोजणीचा राग होता." मग थोडे थांबून, न विचारता, "तारेची ठिणगी नव्हती."

त्या शेवटच्या वाक्याने माझे अर्धे ओझे उतरले. समितीचे काही सदस्य तिथेच बसले होते, ते चपला शोधू लागले.

मालाच्या बोलणीवर जास्त वेळ गेला, आणि मला वाटते खरा समेट तिथेच झाला, माफीच्या वेळी नाही. तो म्हणाला पैसे देतो. पैसे म्हटले की कोणत्या दिवसाच्या भावाने, हा नवा वाद. पेटवली त्या आठवड्याचा भाव एक, त्याआधी दोन महिन्यांचा दुप्पट, बोलणी चालली त्या दिवसाचा तिसराच. मी म्हटले, माल जाळलास, माल दे. क्विंटलला क्विंटल. भाव वर जावो की खाली, तुझे नशीब आणि माझे नशीब. पंधरा क्विंटल ठरले. मग दीर म्हणाला, वहिनी, हडंब्याचा आणि पोती भरायचा खर्च तर तुमचा लागलाच नव्हता. बरोबर होते. एक क्विंटल मी कमी केला. एका हंगामात चौदा क्विंटल काढून दिले असते तर त्यांच्या घरी बियाण्याला उरले नसते, म्हणून तीन हंगामांत ठरले. साध्या वहीत लिहिले, त्याने सही केली, मी केली, दिराने अंगठा लावला. माझी गंजी किती मोठी होती, त्यात किती माल होता, सोंगणीला किती गेले, हे सगळे त्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. पेटवताना त्याने फक्त मला पेटवले होते.

पहिल्या हंगामात पाच क्विंटल आले. दुसऱ्या हंगामात, २०२४ ला, हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या खालीच विकत होते. त्या वर्षी पाच क्विंटल देताना तो हसत होता. भाव पडल्याचा आनंद झालेला अख्ख्या तालुक्यातला तो एकटाच शेतकरी असावा.

आणि लग्नाचे. दुसऱ्या जागेची माणसे चौकशीला आली तेव्हा सरळ माझ्याच घरी आली. मी काही लपवले नाही. पेटवली होती, चारचौघांत कबूल केली, माल भरून देतो आहे, वही ही बघा. मुलीच्या मामाने वही चाळून पाहिली. लग्न झाले. मी गेले, पंगतीत जेवले, आहेर केला. नवी सून पाया पडली, तिला मी खणानारळ दिला. त्याच्याशी माझे बोलणे कामापुरते आहे. पोळ्याला बैलजोडी माझ्या दारात आणतो, मी पूजा करते, बोजारा म्हणून पैसे देते. त्यांच्या ओट्यावर मात्र मी अजून बसत नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. बसावेसे वाटेल तेव्हा बसेन, त्यासाठी समितीने यायची गरज नाही.

कोणी विचारेल, कबुली मिळाल्यावर पोलिसात जाऊन नाव का दिले नाही. ते मी ठरवले, कारण जळाले माझे होते. त्याला तेव्हाच सांगितले होते, मी होऊन ठाण्यात जाणार नाही, पण कोणी येऊन विचारले तर खोटे बोलणार नाही. त्याने मान हलवली. ती टांगती तलवार त्याच्यावर आहे आणि ती असू दे.

पण हे माझ्या गंजीचे. सगळ्या गुन्ह्यांचे असेच व्हावे असे मी म्हणत नाही, आणि माझे पत्र वाचून कोणी तसे म्हणू नये. नवऱ्याने झोडपलेल्या सुनेला पारावर उभे करून "नांदायला जा" म्हणणे मी पाहिले आहे. तिथे समेट म्हणजे तिला पुन्हा त्याच घरात ढकलणे. जातीवरून झालेल्या अन्यायाबद्दल १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्यातले गुन्हे आपसात मिटवायची सोयच नाही, आणि ती नाही हे योग्यच आहे. तरी "गावाचं नाव खराब होईल" म्हणून तक्रार मागे घ्यायला लावणारे असतातच. माझ्याकडे वावर होते, मानधन होते, आडनाव गावातल्या मोठ्या भावकीचे होते, म्हणून मी नाही म्हणू शकले. ज्याच्याकडे यातले काही नाही, तो पहिल्याच संध्याकाळी नारळ घेतो. लोकअदालतीत निदान दोघांच्या सह्यांचा निवाडा होतो, दिवाणी कोर्टाच्या हुकुमाएवढा त्याला मान असतो, कोणी काय द्यायचे ते त्यात लिहिलेले असते. पारावरच्या समेटात काय लिहिलेले असते ते आपल्या बातमीदाराने एकदा मागून पाहावे.

आपल्याकडे मागणे एवढेच. यापुढे अशी बातमी आली तर फोटोत कडेला उभ्या असलेल्या माणसाला गाठा, समितीच्या लोकांपासून दूर नेऊन विचारा. काय झाले होते हे दुसऱ्याने त्याच्यासमोर कबूल केले का, नुकसान कोण भरतो आहे, आणि ही तारीख त्याने निवडली की समितीने. उत्तर मिळाले तर छापा. मिळाले नाही तर 'मिटला' हा शब्द मथळ्यात नका घालू, 'समितीने बैठक घेतली' एवढेच लिहा.

माझ्या हिशेबाचे राहिले. गेल्या हंगामात काढणीच्या वेळी पाऊस पडत राहिला, शेंगांना झाडावरच कोंब आले. पोरगा दोन पोती घेऊन आला. मी हात घातला तर दाणा काळा, ओल लागलेली. परत पाठवली. जाऊ रुसली, म्हणाली, आमचंच पीक असं झालं तं चांगलं कोठून आणाव? तिचे खरे होते. वर्षभर थांबते म्हटले, वहीत तारीख पुढची टाकली, दोघांनी पुन्हा सह्या केल्या. चार क्विंटल येणे आहे. कोरडा, चाळलेला माल घेणार.

आपली वाचक,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(नाव छापू नये.)